तो बर्फ गार नव्हता

सोमवार, १ डिसेंबर १९८६

नाही म्हणाला. तोंडावर. बसा असंही न म्हणता.

मिस्टर पिम, एव्हरिल मंडळाचे चिटणीस. ज्या नाट्यगृहात इझाबेल एव्हरिलने शंभर वर्षांपूर्वी अख्खं स्कार्बरो रडवलं, तिथे आता बिंगोचा जुगार चालतो. त्या बिंगोच्या भिंतीवर जानेवारीत तिच्या नावाचा फलक बसणार आहे. मी एकच मागितलं होतं – फलकावरच्या पडद्याची दोरी माझ्या आईने ओढावी. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. इझाबेल एव्हरिल तिची आजी. तिला आता दुसरं काही नको आहे.

"मिस गार्बट, बाईंना मूल नव्हतं."

"लग्नाचं नव्हतं म्हणा."

"कसलंच नव्हतं. तुमच्यासारखे दर गावात एकेक भेटतात आम्हाला."

आणि हसला. मी आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं. गृहपाठ न केलेला मुलगा कसा हसतो ते मला कळतं. तुमचा पुरावा दाखवा म्हटलं, तर म्हणे, नसण्याचा पुरावा कसा दाखवायचा, बाई? शाळेत असता तर बाकावर उभा केला असता.

बुधवार, ३ डिसेंबर

आईला सांगितलं. तिने चहात साखर घातली, ढवळली.

"तू त्याला विसाची गोष्ट सांगितली नसशील."

नव्हती सांगितली. कुणा उपऱ्याच्या तोंडावर फेकायची ती गोष्ट नाही. पण इथे लिहून ठेवते, कारण राग आला की माझ्या डोक्यात सगळ्याचा गुंता होतो.

आईची आई म्हणजे लॉटी. अनाथालयात वाढली. मी बारा वर्षांची होईपर्यंत होती, मला चांगली आठवते. दर नाताळात, पुडिंग संपलं की ती हीच गोष्ट सांगायची, एक शब्द इकडचा तिकडे न करता. ती सहा वर्षांची. बर्फ पडतोय. इझाबेल एव्हरिल तिला एका परक्या घराच्या दाराशी उभी करते, स्वतःची निळी शाल तिच्याभोवती गुंडाळते आणि म्हणते, "डोळे मीट, राणी, आणि शंभरपर्यंत मोज. शंभर व्हायच्या आत मी आलेच." आणि लॉटीला येतं फक्त विसापर्यंत. म्हणून ती वीस झाले की पुन्हा एकपासून सुरू करते. पुन्हा वीस. पुन्हा एक.

ते वीस कुणाला सुचणार नाही. ते घडलेलंच असलं पाहिजे. मी गणिताकडे वळले ती बहुधा त्या विसामुळेच.

शेवटी आजी नेहमी म्हणायची, "पण तो बर्फ गार नव्हता हं." आम्ही विचारायचो, गार का नव्हता? आई समजावायची, अगं, तिच्या आईची शाल होती ना अंगावर.

गुरुवार, ४ डिसेंबर

पिमला फोन केला. त्याच्या बायकोने "ते बाहेर गेलेत" सांगितलं. मागे तो खोकत होता.

बुधवार, १० डिसेंबर

सकाळी बर्फाची भुरभुर. आईकडे गेले तर पुढच्या दाराची कडी काढलेली, कोणीही ढकलून आत यावं! गेल्या महिन्यात याच गल्लीत चोरी झाली.

"आई, तुला अक्कल आहे का?"

"बर्फ पडत असताना आपल्याकडे कडी लावत नाहीत."

"का पण?"

"लॉटी लावायची नाही."

झालं. यापुढे बोलणं नाही. निघताना तिला आतून कडी लावायला लावली. मी फाटकातून बाहेर पडते न पडते तोच तिने परत काढल्याचा आवाज आला. यात सगळ्यात चीड कशाची येते, तर बर्फ असला की मीही लावत नाही. सवयच तशी लागलीय.

पिमचं पत्र आलंय. शनिवारी सगळ्या "दावेदारांना" चहाला बोलावलंय. अवतरणचिन्हं त्याची.

शनिवार, १३ डिसेंबर

कोट न काढताच लिहायला बसले. थंडीमुळे नव्हे.

आईच्या छातीत कफ आहे, म्हणून एकटीच गेले. बिंगोच्या हॉलमध्ये, आकड्यांच्या फळ्याखाली, गारढोण चहा आणि कोरडा केक. मी, हॅलिफॅक्सचे रॅम्सडेन नावाचे एक जाडजूड खाटीक आणि हल गावच्या मिसेस पर्डी. पिम समोर बसलेला – उंदीर दिसलेल्या मांजरासारखा.

"आपापल्या घरात काय सांगतात ते सांगा," म्हणाला. "आधी रॅम्सडेन."

रॅम्सडेनने घसा साफ केला. "आमची आजी तेव्हा सहा वर्षांची. बर्फ पडत होता. बाईंनी तिला एका दाराशी उभी केली, निळी शाल पांघरली..."

मी कप खाली ठेवला.

"...आणि म्हणाल्या, शंभरपर्यंत मोज. पण आजीला यायचं फक्त..."

"विसापर्यंत," मिसेस पर्डी म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक.

मग पिमने टाळी वाजवली. खरंच वाजवली! एव्हरिलबाईंचं सगळ्यात गाजलेलं नाटक, म्हणे, पहिला अंक, शेवटचा प्रवेश. कंपनी गावोगाव फिरायची. बरोबर पोर कोण नेणार, त्याला खायला कोण घालणार? म्हणून प्रत्येक गावात तिथलीच एक लहानशी मुलगी घ्यायचे. ते विसाचं वाक्य नाटकातलंच. त्यावर प्रेक्षक हमसून रडायचे.

"आणि बर्फ?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"कागदाचे कपटे, मिस गार्बट. वरून टोपलीतून सोडायचे."

मला पिमचा राग आला. टाळीचा आला. रॅम्सडेनचा आला, कारण तो मांड्या थोपटत हसायला लागला होता – "म्हणजे आपण तिघं भावंडं की हो!" पण सगळ्यात जास्त राग आजीचा. आयुष्यभर मी ते वीस खरं मानलं.

रविवार, १४ डिसेंबर

आईचा फोन. "काय म्हणाला?" मी म्हटलं, कफ कमी होऊ दे, मग सांगते. भेकड.

बुधवार, १७ डिसेंबर

रॅम्सडेनला फोन केला. दुकानात होता, मागे कुणीतरी ससा सोलून द्या, सोलून द्या म्हणत होतं.

"तुमची आजी प्रवेश संपल्यावर कुठे जायची?"

"कुठे म्हणजे? घरी. तिची आई पडद्यामागे उभी असायची, तिला न्यायला. वाटेत गरम मटण पाई घेऊन द्यायची. एव्हरिलबाई आमची पणजी, हे खूळ वडिलांनी काढलं, दुकानाच्या पाटीसाठी. आजी त्यांना वेड्यात काढायची."

"बर्फ पडला की तुमच्या घरी दाराची कडी काढून ठेवतात का?"

"बाई, माझं खाटकाचं दुकान आहे. दार उघडं ठेवलं तर गल्लीतली मांजरं आत येतील."

मिसेस पर्डींनाही विचारलं. त्यांच्याकडेही असलं काही नाही. त्यांच्या आजीलाही न्यायला आई यायची.

लॉटीला न्यायला कोण आलं असेल? अनाथालयाची मेट्रन. दुसरं कोण येणार!

म्हणजे सगळं सरळ आहे. बाकीच्या पोरी घरी गेल्या आणि नाटक विसरल्या. लॉटीकडे विसरायला दुसरी आई नव्हती. तिने हीच धरून ठेवली आणि ती येईल म्हणून जन्मभर दार उघडं ठेवलं. आता मला एव्हरिलबाईंचा राग येतोय. एकदा वाकून पोरीला सांगता आलं नाही, की हे खोटं आहे, बाळ?

रविवार, २१ डिसेंबर

आज आईला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मला वाटलं होतं ती खचेल, किंवा मला हाकलून देईल.

तिने खिडकीचा पडदा जरा बाजूला केला. मग म्हणाली, "म्हणून तो गार नव्हता."

तेवढंच. आम्हीच शाल मध्ये घातली. लॉटी तर दर नाताळात सांगत होती.

चहा ओतताना म्हणाली, "नाटकाचा शेवट काय होता?"

मी पिमला विचारून ठेवलं होतं. सोळा वर्षांनी ती आई परत येते. मुलगी मोठी झालेली असते, शालीवरून ओळख पटते.

"मोठी मुलगी कोण करायचं?"

"कंपनीतलीच कोणीतरी नटी. लहान मुलीचं काम पहिल्या अंकात संपायचं."

"म्हणजे लॉटीला तोवर परत नेलेलं असायचं."

"हो."

"तिला शेवट कोणी सांगितलाच नाही." आई कधी चिडत नाही. आज तिने कप बशीत असा आपटला की बशीला चीर गेली. "अख्ख्या गावाने बघितलं ते नाटक. तिकिटं काढून बघितलं. त्यातल्या एकाला सांगता आलं नाही?"

हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

मंगळवार, ६ जानेवारी १९८७

पिमला कळवलं, आमची मागणी मागे घेतली, दोरी हवी त्याला ओढायला सांगा. "शहाणपणाचा निर्णय," म्हणाला. फोन आपटला. जरा बरं वाटलं.

सोमवार, १२ जानेवारी

रात्रीपासून बर्फ. रस्ते बंद, फलकाचा कार्यक्रम रद्द. पिमची फजिती झाली, त्याचा आनंद झाला, खोटं कशाला लिहू?

चालत आईकडे गेले. कडी काढलेली. आज बोलले नाही. बूट काढता काढता एवढंच म्हटलं, "आजीने उगाच आयुष्यभर त्या बाईची वाट बघितली."

आई माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी ढ पोरांकडे बघायचे.

"वाट? कुणाची वाट? कोण म्हणालं तुला?"

"मग कडी कशाला काढायची ती?"

"बाहेर कुणाचं पोर उभं असलं तर. घंटा उंच असते, हेस्टर. त्याचा हात पोचत नाही."