आईला विचारून या

आई, डॉक्टर म्हणाले, “तुमच्या आईला विचारून या. आयांना सगळं लक्षात असतं.” मी “बरं” म्हटलं आणि उठले. तू जाऊन इतकी वर्षं झाली हे सांगायला माझं तोंडच उघडलं नाही. ते सांगायला गेले असते तर त्याच्या मागून आणखी काय काय बाहेर पडलं असतं याची मला खात्री नव्हती. त्यांना एवढंच हवं होतं की लहानपणी मला झटके यायचे ते सुरू कधी झाले, शेवटचा कधी आला आणि गोळी कोणती होती. बाबा तर तुझ्याही आधी गेले; याची उत्तरं जगात एकाच माणसाकडे होती आणि ते माणूस ती बरोबर घेऊन गेलं. म्हणून लिहायला बसले आहे. विचारायला, आणि खरं सांगायचं तर भांडायला.

माझं काम नेमकं काय ते तुला फारसं कळायचं नाही. “माझी पोरगी विमानांना रस्ता दाखवते,” एवढंच तू गल्लीत सांगायचीस आणि ते काही चूक नव्हतं. टॉवरमध्ये बसून मी वैमानिकांशी बोलायचे, कोणी आधी उतरायचं, कोणी थांबायचं ते सांगायचे. या कामाला लायसन्स लागतं आणि लायसन्स चालू ठेवायला ठरावीक काळाने तब्येतीचा सरकारी फॉर्म भरावा लागतो. त्यात एक प्रश्न असतोच: कधी फिट, झटके, शुद्ध हरपणं? आजवर दर वेळी मी “नाही”वर खूण केली आणि खाली सही केली. सहीच्या वर छापलेलं असतं की ही माहिती खरी आहे, खोटी निघाली तर कारवाई होईल. या वेळी मी “हो”वर खूण केली. त्याच दिवशी मला माइकवरून उठवलं. आता मी खालच्या मजल्यावर बसून दुसऱ्यांनी लिहिलेले अहवाल फायलीला लावते. झटके अगदी लहानपणी, तापातच येऊन थांबले असतील तर मी परत वर जाऊ शकते. नंतर, ताप नसताना आले असतील तर अवघड आहे. डॉक्टरांनी काही आडपडदा ठेवला नाही.

मला कळलं ते दिवाळीच्या सुटीत. बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यात मावशीकडे गेले होते. मावसबहिणीची धाकटी तापाने फणफणली होती आणि जेवणं चालू असतानाच बहिणीच्या मांडीवर डोळे फिरवून ताठ झाली. मावशी उठली, कांदा फोडला, उंबऱ्यापाशी पडलेली चामड्याची चप्पल उचलली आणि पोरीच्या नाकाशी धरली. मी ओरडले, चप्पल काढ आधी, तिला कुशीवर वळव. पोर शुद्धीवर आली, आम्ही तिला दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी तापाचा झटका आहे म्हणून सांगितलं, औषध घेऊन सगळे परत आलो. बहिणीचं रडणं काही थांबेना. मावशी तिला समजावू लागली, “काहून रडतं वं? काही होत नाही. ही बघ न, हिले किती झटके यायचे. चप्पल हुंगवून हुंगवून जीजीचा हात दुखून जाये. आज विमानं चालवते ही!” तिची जीजी म्हणजे तू. मी विचारलं, “कोणाला यायचे?” मावशीचा हात तोंडावर गेला. “तुले माहीत नाही? जीजीनं कधी सांगतलंच नाही तुले?” बहीण रडता रडता म्हणाली, “मम्मी, तुम भी ना!”

मग मावशीला सगळं सांगावंच लागलं. तापात यायचे, बिनतापाचेही यायचे. खंडव्याच्या कुठल्याशा डॉक्टरच्या गोळ्या कितीतरी दिवस चालल्या. “भाऊजी म्हणे, कोणाले बोलायचं नाही, पोरीचं लगन होणार नाही. जीजीनं मले देवापुढे कसम घातली. डॉक्टरच्या चिठ्ठ्या बी पाण्याच्या बंबात टाकल्या तिनं.” शेवटचा कधी आला म्हणून विचारलं तर म्हणाली, “तू शाळेत जात होतीस का नव्हतीस... आता काय याद राहते बाई.” लग्नासाठी एवढी झाकपाक केलीत, आणि ते मी केलंच नाही. यावर मला हसू यायला हवं, पण येत नाही.

त्या दिवसापासून माझं लहानपण कोणीतरी उसवून माझ्या हातात दिल्यासारखं झालं आहे. रोज सकाळी तू केळ्याच्या फोडीत गोळी दडवून भरवायचीस. शक्तीची गोळी. सुटीत मावसभावंडं आली की त्यांना नुसतं केळं मिळायचं आणि मी मिरवायचे, कारण शक्ती फक्त मला मिळत होती. उन्हाळ्यात तापीचं पाणी उतरलं की ती सगळी राजघाटावरून पार जैनाबादच्या काठापर्यंत पोहत जायची आणि मी पायऱ्यांवर त्यांचे कपडे सांभाळत बसायचे. “तुला सर्दी बाधते,” तू म्हणायचीस. मला सर्दी व्हायचीच नाही, आई. बाबांच्या चपला रात्री माझ्या उशाशी असायच्या. कोणाच्या घरात चपला उशाशी ठेवतात? मी विचारलं तर म्हणालीस, विंचूकाट्याला बऱ्या. आणि दुसरीत एकदा वर्गात मला काहीतरी झालं. डोळे उघडले तेव्हा मी शाळेच्या ओसरीवर होते, फ्रॉक ओला होता, जीभ दुखत होती आणि तू बाईंशी हळू आवाजात बोलत होतीस. येताना हलवायाकडून तू मला दराबा घेऊन दिलास आणि सांगितलंस, उपाशीपोटी शाळेत गेलीस म्हणून चक्कर आली. तेव्हापासून मी आयुष्यात एकदाही उपाशीपोटी कामावर गेले नाही. माझ्या डब्यावरून अख्खा टॉवर माझी थट्टा करायचा.

पण मला सगळ्यात जास्त सलतो तो स्वयंपाकघरातला दिवस. नोकरीच्या निवडीचं पत्र आलेलं आहे, शेजारीपाजारी येऊन गेले आहेत आणि तू मांडे करते आहेस. मी पाटावर बसून तपासणीचा पहिला फॉर्म भरते आहे आणि एकेक प्रश्न तुला वाचून दाखवते आहे. “घरात कोणाला साखर?” “तुझ्या आजीले होती.” “दमा?” “नाही वं.” “झटके, फिट?” मांडा तुझ्या कोपरापर्यंत पसरलेला आहे. तू तो अलगद खापरावर टाकतेस, कडा सारखी करतेस. “नाही. पुढचं वाच.” मांडा फाटला नाही. मी “नाही”वर खूण करते. मग तू म्हणतेस, “झाकली मूठ सव्वा लाखाची. सरकारी कागदावर जास्त बोलू नये. सही नीट कर.” मी हसते. मला वाटतं, आईला सरकारी कागदाची भीती वाटते. खोटं तुझं होतं आई, आणि सही माझी. मला निदान माहीत तरी असायला हवं होतं की मी खोटं बोलते आहे.

आमच्या कामात काहीही वावगं घडलं की त्याच पाळीत लिहून द्यावं लागतं. धावपट्टीवर कुत्रं आलं, पक्षी धडकला, वैमानिकाने एक ऐकून दुसरंच केलं, सगळ्याचा अहवाल. पुष्कळ जण टाळतात, कारण लिहिलं की चौकशी मागे लागते. मी कधी टाळलं नाही. एकदा मीच एका विमानाला चुकीची उंची सांगितली. वैमानिकाने लगेच परत विचारून घेतलं, पुढे काही झालं नाही, कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मी स्वतःवर अहवाल लिहिला. साहेब म्हणाले, “मॅडम, इतना सच कौन लिखता है?” मी ताठ मानेने घरी आले आणि तुला फोन केला. तू म्हणालीस, “चांगलं केलं. झोप झाली का?” दर फोनला तुझं तेच. जागरण करू नको, रात्रीची ड्यूटी घेऊ नको, डोळ्याला डोळा लागला का? मी वैतागायचे, तुझ्यावर खेकसायचेसुद्धा. तुला माहीत होतं की जागरणाने झटका परत येऊ शकतो. म्हणजे तू बुऱ्हाणपुरात फोन कानाला लावून घाबरत बसायचीस आणि मी इकडे खुशाल रात्रपाळ्या करत होते. आणि त्या विमानांत बसलेल्या माणसांचं काय, आई? ती तू कोणाच्या भरवशावर सोडलीस? त्यांनाही आया होत्या. ज्या बाईने दुसऱ्याच्या झाडाचं लिंबूसुद्धा विचारल्याशिवाय तोडू दिलं नाही, तिने हे कसं केलं, हेच मला कळत नाही. मी इतकी वर्षं खरेपणाचा टेंभा मिरवला आणि त्याच्या बुडाशी तू हे घालून ठेवलंस.

डॉक्टर असंही म्हणाले होते की जुने कागद नसतील तर घरातल्या जाणत्या माणसाने लेखी दिलं तरी बघू. म्हणून मी मावशीला फोन केला. ती एकदम उत्साहात आली. “तू सांग न काय लिहू ते! तापातच यायचे, चार वर्साची होती तवा बंद झाले, असं लिहून देते. तुझ्या रोजीचा सवाल आहे, देव माफ करते एवढं.” मी विचारलं, “मावशी, तुला खरंच असं आठवतं?” ती म्हणाली, “आठवत त नाही. पण तुझं चांगलं झालं पाहिजे न बाई.” आई, मला भीतीच वाटली. आवाज मावशीचा होता, पण बोलत होतीस तू. तीच माया, आणि खोटं बोलायची तीच सहज तयारी. मी म्हटलं, “मग आठवत नाही असंच लिहून दे.” मावशी रुसली. “जीजीनं तुझ्यासाठी काय काय केलं, अन् तू अशी,” म्हणाली आणि फोन ठेवला.

आज दुपारी मी डॉक्टरांनी मागितलेले पुरवणी कागद देऊन आले. शेवटच्या झटक्यापुढे लिहिलं, दुसरीत असताना, शाळेत, ताप नव्हता. त्यानंतरचं माहीत नाही. गोळीपुढे लिहिलं, नाव माहीत नाही. शाळेतलं ते फक्त मला आठवतं, मी गप्प बसले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. खिडकीवरच्या क्लार्कने वाचून कागद परत सरकवला, “‘पता नहीं’ नहीं चलता मॅडम, कुछ तो भरिए.” मी म्हटलं, एवढंच खरं आहे, एवढंच घ्या. त्याने शिक्का मारला. बहुतेक मी आता परत वर जाणार नाही. संध्याकाळी धावपट्टीचे दिवे लागताना तिथून जे दिसायचं ते मला फार आवडायचं. मी तुला एकदा दाखवायला न्यायचं म्हणत होते, ते राहिलं.

हे पत्र तापीत सोडायचं नाटक मला जमणार नाही आणि दुसरं टाकायचं तरी कुठे, त्यामुळे ते इथेच राहील. मी तुला माफ केलेलं नाही. आंघोळ करताना, भाजी चिरताना, त्या खालच्या मजल्यावर फायलींना दोरा ओवताना मी तुझ्याशी भांडते. मला विचारायचं होतंस, माझं आयुष्य होतं, काय लिहायचं ते मी ठरवलं असतं, असं तुला किती वेळा सुनावलं असेल. ते बरोबरच आहे आणि मी ते मागे घेत नाही. फक्त एक गोष्ट मी मावशीलाही सांगितलेली नाही. त्या दिवशी मांडा बाजूला ठेवून तू मला सगळं खरं सांगितलं असतंस, तर मी आधी त्या निवडीच्या पत्राकडे बघितलं असतं, मग फॉर्मकडे बघितलं असतं, आणि “नाही”वरच खूण केली असती.