हिरव्या लुगड्यातली बाई

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता नीट आठवत न्हाई, पण तुमच्या हाताचा सरसाचा वास आठवतो. रंगात घालायला सरस उकळायचात तुम्ही, अन् माय ओरडायची की भाकरीच्या चुलीवर हे काय मेलेलं ढोर शिजून राह्यलं. मी दुसरीत शाळा सोडलेली, माझ्या अक्षराला हसू नका. आज लिहायला बसले, कारण एक गाठ सुटली, अन् जिला सांगायचं ती माय पण तुमच्याकडंच गेलेली.

परवा औरंगाबादहून कॉलेजातली एक पोरगी आली. उन्हानं लाल झालेली, खांद्यावर भली मोठी पिशवी. निजामाच्या राज्यात पुस्तकांवरची चित्रं अन् सिनेमाचे बोर्ड कुणी काढले, ते ती शोधून राह्यली. पुस्तकावर चित्र काढणाऱ्याचं नावच छापायचे न्हाईत, म्हणून म्हणे घरोघर जाऊन खात्री करावी लागते. मी म्हणलं, बैस, चहा पी, अन् काय विचारायचं ते जल्दी विचार, माझं दळण गिरणीत पडलंय. तिनं आधी सोपं सोपं विचारलं. तुमचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये होते का? होते, म्हणलं, तिथंच डाव्या हाताची करंगळी मशीनच्या पट्ट्यात सापडली अन् जन्मभर ताठ राहिली, वाकायचीच न्हाई. मंग नोकरी सुटली, अन् तंबूतल्या सिनेमाचे बोर्ड रंगवायला लागलात. कंपनीकडून नट्यांचे फोटो यायचे, त्यावर चौकोन आखून तुम्ही ते भिंतीएवढे करायचात. पुढं हैदराबादच्या छापखान्यानं पुस्तकांची कामं दिली. सगळं बराबर लिहून घेतलं तिनं. मंग कप खाली ठेवला.

"मावशी, रागावू नका. त्या छापखान्यातले एक म्हातारे सांगत होते, की जालन्याच्या पेंटरनं हैदराबादेत बाई ठेवली होती. प्रत्येक पुस्तकावर तिचंच चित्र काढायचे."

"मंग छापून टाक की! आमच्या गल्लीला कधीचं म्हाईत हाये."

"नुसतं छापायचं असतं तर इथवर कशाला आले असते? खरं का खोटं ते बघायला आले."

खरं का खोटं. दादा, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्या बाईनं माझं काय केलं ते तुम्हाला कुठं ठाऊक! खुनाचं पुस्तक असो की प्रेमाचं, वर तीच. डोक्यावर हिरवा पदर, तोच पदर तोंडावर धरलेला, नुसते डोळे अन् नाक दिसतंय, अन् पदर धरलेल्या हाताची करंगळी अशी ऐटीत बाहेर. आपल्या गल्लीतल्या सुना पाण्याला जाताना तसाच पदर धरायच्या, करंगळी काढून. त्यांची मजा व्हायची, जीव माझा जायचा. तुमच्या थोरल्या बहिणीला, आत्याबाईला, तुमच्या ट्रंकेत हिरवं लुगडं सापडलं, मायचं नसलेलं. तेव्हापासून ती माझी हनुवटी धरून मला उजेडाकडं फिरवायची. "नाक बघा हिचं. भुवया बघा. मायचं काय आलंय हिच्यात? पुस्तकातल्या बाईवर गेलीय पोरगी." माझा जन्म हसनाबादला, मायच्या माहेरी. इकडचं कुणी बघायला नव्हतं. म्हणून आत्याबाईचा हिशेब असा, की पोर त्या बाईचं, अन् तुम्ही ते आणून मायच्या ओटीत टाकलं. अंबडचे पाहुणे मला बघायला आल्ते, ते हेच ऐकून चहा न पिता उठून गेले. माय म्हणायची, "माझ्या पोटची हायेस तू, कळा मी काढल्यात." म्हणायची अन् हसायची. मला ते हसणं लई लागायचं. खोटं असतं तर ही भांडली असती, आत्याबाईच्या झिंज्या धरल्या असत्या, असं वाटायचं. माय गेली तेव्हा पण मी हातचं राखूनच रडले.

अन् मी तर त्या बाईला डोळ्यांनी बघितलं होतं. दुपार आहे. आजोबा ओट्यावर घोरतात. तुमच्या खोलीचं दार लोटलेलं आहे, मी पाण्याचा तांब्या घेऊन ढकलते. आत एक बाई पाठमोरी बसलेली, हिरवं लुगडं डोक्यावरून घेतलेली. तुमचा आवाज येतो, "बाहेर हो! दार लाव आधी!" एवढ्या जोरात तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हता. तांब्या तिथंच टाकून मी पळते. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून मला लाल रिबीन आणता, स्वतः वेणीला बांधता, ताठ करंगळीनं गाठ नीट बसत न्हाई, अन् म्हणता, "काल बघितलं ते कुणाला सांगायचं न्हाई. आजोबांना तर बिलकुल न्हाई." मी सांगितलं न्हाई. तुम्ही तापानं गेलात, आजोबा तुमच्या मागं राहिले, तरी सांगितलं न्हाई.

तर त्या पोरीनं पिशवीतून पुस्तकं काढून माझ्यापुढं फरशीवर मांडली. मी तोंड फिरवलं. तिनं तुमचा फोटो मागितला. आपला एकच आहे, स्टेशनाजवळच्या स्टुडिओतला, फेटा, झुपकेदार मिशा, डावा हात खुर्चीच्या पाठीवर. पोरगी फोटोवर वाकली, मंग पुस्तकांवर वाकली, मंग परत फोटोवर.

"मावशी, ही करंगळी बघा."

"ती जिनिंगमधली. सांगितलं की तुला."

"न्हाई हो, या बाईची बघा. सगळ्या चित्रांत तशीच ताठ. फक्त यांचा हात डावा अन् तिचा उजवा." मंग तीच म्हणाली, "आरशात बघून काढलं तर असंच उलटं येणार, न्हाई का?"

आरसा! न्हाव्याचा तो जुना आरसा, कोपऱ्यात तडकलेला, तुमच्या खोलीत भिंतीला टेकवलेला. दादा, त्या दुपारी मी खोलीत एकच पाठ बघितली होती. तुमचा आवाज ऐकला, पण तुम्ही मला कुठंच दिसला नव्हता. मी फोटो तिच्या हातातून ओढला अन् तुमच्या मिशीवर अंगठा ठेवला. नुसते डोळे, भुवया अन् नाक उरलं. ते पुस्तकाशेजारी धरलं. मंग मी जी हसत सुटले, की पोरगी घाबरली, उठून पाणी आणलं तिनं.

तिला मीच समजावून सांगितलं मंग. सिनेमाच्या बोर्डाला फोटो यायचे, पुस्तकाचं मात्र नुसतं नाव कळवायचे. चांगल्या घरची कोण बाई तुमच्यापुढं बसणार होती? अन् बाप जिवंत असताना मिशी काढायची न्हाई, काढली तर बापाचं मरण चिंतलं असं धरतात. आजोबांनी घरातून हाकललं असतं. मंग मिशी झाकायला पदर! लोक समजायचे, काय रहस्याची बाई आहे. रहस्य कसलं डोंबलाचं, पदरामागं मिशी होती.

अन् माय का हसायची ते पण कळलं. तिला सगळं म्हाईत होतं. सांगितलं असतं तर गल्ली म्हणाली असती, हिचा नवरा लुगडं घेऊन आरशापुढं बसतो. बाई ठेवलेला माणूस गावात चालतो, लुगडं घेतलेला चालत न्हाई. तिनं तुमची लाज झाकली, अन् मी बापावर गेलेली पोर, दुसरं काही न्हाई, हे ठाऊक असून आत्याबाईचं बोलणं हसण्यावारी नेलं. तुमचा राग आला, एकदा तरी मला सांगायला पाहिजे होतं तुम्ही, पण राग टिकला न्हाई. छातीवरचा जात्याचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं. त्या रात्री मी मायसाठी रडले, या खेपेला काही न राखता.

जाताना पोरगी म्हणाली, "ठेवलेल्या बाईचं मी खोडते. पण लुगड्याचं लिहू का? तुमची हरकत असेल तर न्हाई लिहीत."

"लिही. ठळक लिही. आजोबा काय आता काठी घेऊन येतेत?"

हा कागद कुठं टाकायचा ते काही मला म्हाईत न्हाई, म्हणून तुमच्या फोटोमागं सारते. एक सांगायचं राहिलं. पोरगी गेल्यावर मी आरशापुढं उभी राहिले, पदर तोंडावर घेतला अन् करंगळी बाहेर काढली. बरी दिसत होते हो. तेवढ्यात सून आली, काय झालं म्हणाली. मी म्हणलं, दाढ दुखून राह्यली. दाढ काही दुखत नव्हती.