नऊ वर्षं काहीही न केल्याचा दाखला

सागर,
सोमवार

ती. विघ्नेश्वरभावजींस तिमप्पाचा साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आता वाकू देते का? सुपारी सोलून झाली असेल. इकडे तुमची बहीण नागवेणी आणि मुलं खुशाल आहेत (मीही आहे, पण मला तुम्ही कधी मोजत नाही).

कोर्टात मी जिंकलो, हे कानावर आलंच असेल. सरकारी रोपवाटिकेतली चारशे रोपं मी विकली नव्हती, गाईंनी खाल्ली होती, हे मान्य व्हायला नऊ वर्षं लागली (तोवर गाई निवर्तल्या). नोकरी परत मिळाली. मधल्या वर्षांचा पगारही मिळेल, अट एवढीच, की त्या काळात मी कुठलाही कामधंदा केला नाही, हे खात्याला पटलं पाहिजे. मी निर्धास्त होतो. माझ्या रिकामपणाची ख्याती तुम्ही पार सिरसीपर्यंत नेलेली.

परवा चौकशीला साहेब आणि त्यांचे कारकून घरी आले. नागवेणीनं कॉफी केली, विकायला ठेवलेले फणसाचे पापड तळले. साहेबांनी सहज विचारलं, "मग यजमान इतकी वर्षं नुसते बसूनच म्हणा?" भावजी, ही बाई मला उठता-बसता 'खांबाला टेकलेलं पोतं' म्हणते. वाटलं, आता तेच म्हणेल आणि आपण सुटलो. तर पदर खोचून उभीच राहिली. "बसून? कोण म्हणतं? फणस फोडायचे ह्यांनी, गरे उकडून कुटायचे ह्यांनी, दिवसभर उन्हात माकडं हाकायची ह्यांनी. हे नसते तर माझा एक पापड वाळला नसता." मी मागून खाणाखुणा केल्या, खोकून पाहिलं, तर मलाच पाणी आणून दिलं. कारकुनांनी सगळं लिहून घेतलं, 'पापड व्यवसायात सक्रिय.' वर दोन डझन पापड बांधून नेले, पुरावा म्हणून.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
तिमप्पा

ता. क. : नातेवाइकाची साक्ष चालते असं कळलं. तेव्हा लग्नामुंजीच्या पंगतीत तुम्ही माझ्याबद्दल जे बोलता, तेच स्टॅम्पपेपरवर लिहून सहीनिशी पाठवा. भर घालायची गरज नाही.

आणखी एक : वकील म्हणतात, बायकोला जबाब फिरवायला लावा, पगार नक्की. तसलं काही तिला लिहू नका. लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्याबद्दल ती पहिल्यांदाच चांगलं बोलली, तेही परक्यांसमोर. पगार गेला तर जाऊ दे. ते मला खोडवत नाही.