खाचेतली लाल माती

जरीपटका, नागपूर
रविवार, २ मार्च २०२५

चिरंजीव सुशीलले आजीचे भरपूर आशीर्वाद.

हे पत्र तुले सापडलं, म्हणजे एक गोष्ट तरी तू विसरला नाही म्हणायचं. नवा टायर रिंगवर चढवायच्या आधी आतून हात फिरवायचा, हे तू आठ वर्षांचा होता तेव्हा मी शिकवलं होतं. म्हणून पत्र पोस्टात टाकलं नाही, चारातल्या एका टायरच्या पोटात ठेवलं. विसरला असता तर आजी तुझ्या गाडीखाली गरगर फिरत राहिली असती, आणि माझं सारं बोलणं रस्त्याने ऐकलं असतं. तसंही रस्ता माझं तुझ्यापेक्षा जास्त ऐकतो.

बाकी काय काय विसरला ते मी काढत नाही. पाच शनिवार झाले. मार्केटात संत्री उतरवून तू दुपारी जेवायला यायचा, हातपाय धुवायच्या आधी ताटातली भाकर मोडायचा. सहाव्या शनिवारी, म्हणजे काल, मी झुणका केलाच नाही. खोटं काहून सांगू? केला. तुझ्या आत्याने खाल्ला.

पत्रही ताराआत्याच लिहून राहिली. रिटायर झाल्यापासून तिले कोणी काही लिहायला सांगत नाही, त्यामुळे खुशीत आहे. माझे गुडघे जसे होते तसेच आहेत, एक दुसऱ्यावर रुसलेले.

आता टायरचं. तू फोनवर म्हणाला, "आजी, टायर तूच निवड. मजबूत पाहिजे, माल सोसणारे. गाडी काटोल ते नागपूर, अन् बागेतली वाट, बस तेवढीच चालते." आणि मापासाठी जुना टायर तुझ्या गाडीवरच्या नागसेनच्या हाती पाठवून दिला. स्वतः आला नाही. नागसेन चांगला पोरगा आहे, पण झुणका खात नाही.

गुरुवारी मी आणि तारा दुकानात गेलो. दुकानदार रजत नावाचा, चष्मेवाला, लाघवी. त्याने पहिले हेच विचारलं, "आजी, गाडी कुठं चालते?" तुझे आजोबाही गिऱ्हाइकाले हेच विचारायचे. म्हणायचे, माणूस डॉक्टरशी आणि टायरवाल्याशी हमखास खोटं बोलतो, आणि दोन्हीकडे भोगतो स्वतःच. मी रजतले तू सांगितलेलंच सांगितलं. काटोल, बाग, खड्डे, काटे, वर संत्र्याचे क्रेट. तारा बाजूले उभी राहून छताचा पंखा पाहत होती.

रजत म्हणाला, "मग नायलॉन घ्या. जाड अंगाचा आहे, खड्डा सोसतो, काट्याले भीत नाही. फक्त लांब हायवेवर माल भरून पळवायचा नाही, तापतो." मी म्हटलं, दे. चार नायलॉन ऑटोत टाकून घरी आणले आणि माझ्या खोलीत खिडकीखाली रचले.

इथपर्यंत सगळं सरळ वाटते ना? मधली एक गोष्ट मी गाळली.

तुझा जुना टायर सोमवारी आला, तेव्हा मी सवयीने अंगणात पाटावर बसली आणि स्क्रू ड्रायव्हरने खाचा कोरत बसली. आजोबांचं टायरचं दुकान होतं तेव्हा हे काम माझंच असे. हात लहान, म्हणून टायरच्या आतला खिळाही मीच शोधायची. पाटीवरचं अक्षर मले कधी उमगलं नाही, पण टायरवर बोट फिरवलं की गाडी कुठून आली ते कळायचं. बागेत वळणं घेणारा टायर कडेने खाल्ला जातो. तुझा मधोमध घासला होता, एकसारखा, गुळगुळीत. तो सरळ आणि लांब पळालेला टायर होता.

आणि खाचेतून माती निघाली ती लाल.

काटोलची माती काळी आहे, सुशील. बागेतून निघून माझ्या दारापर्यंत कुठं लाल माती लागते ते मले सांग. टायर पाठवायच्या आधी धुवायचंसुद्धा तू विसरला.

मी उठली आणि फळीवरचा तुपाचा जुना डबा काढला. तू लहानपणी त्यातले खडे घेऊन खेळायचा. ते काही नदीचे नव्हते. तुझा बाप रांगत होता, तेव्हा एका ट्रकमालकाने आजोबाले म्हटलं होतं, जगदलपूरले या, हायवेवर जागा देतो, दुकान टाका. आजोबांचं मन फार होतं. मी नाही म्हटलं. अनोळखी गाव, जंगल, मी येत नाही. ते पुन्हा कधी त्यावर बोलले नाहीत. पण त्यानंतर दुकानात लांबचा ट्रक आला की त्याच्या खाचेतला खडा, माती कागदाच्या पुडीत बांधून आणायचे आणि माझ्या हातावर ठेवायचे. म्हणायचे, "मनकर्णा, हे जबलपूर. हे हैद्राबाद. हे पाह्य, हे जगदलपूर." जबलपूर पांढरं होतं, पिठासारखं. हैद्राबाद टोचायचं. जगदलपूर लाल, ओलं नसून ओलं वाटणारं. दुपारी सारं घर झोपलं की मी डबा उघडून त्या गावांतून फिरून यायची. चप्पलही घालायची नाही.

तीच माती तुझ्या टायरात होती. आजोबांच्या पुडीजवळ ठेवून पाहिली. वेगळी सांगता येत नव्हती.

इथं आत्या लिहायची थांबली. मी म्हटलं, "काहून थांबली वं?" तर म्हणते, "आई, हे नको लिहू ना." म्हटलं, "तुले माहीत होतं?" चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, "दिवाळीपासून. दादाले माहीत आहे, वहिनीले माहीत आहे. फक्त तुलेच सांगितलं नाही." म्हणजे साऱ्या घराने मिळून एका म्हातारीपासून पाचशे किलोमीटरचा रस्ता लपवला. कमाल आहे तुमची! मी रागावली नाही. म्हटलं, पुढं लिही.

कारण लपवायले तुम्हाले मीच शिकवलं. दिवाळीत तू म्हणाला होता, "आजी, जगदलपूरच्या व्यापाऱ्याशी बोलणं झालं आहे. इथून संत्री न्यायची, येताना चिंच भरायची. तिकडे खोली घेतो." मी भरल्या ताटावरून उठली, दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तू म्हणाला, बरं, नाही जात, आणि मी लगेच तुझ्या आईले पोळी मागितली. तूपही मागितलं. हे तूच विसरला असशील तर बरं. मी विसरली नाही.

आता खरं सांगते. गुरुवारी दुकानात उभी होती तेव्हा मले सारं माहीत होतं. तू कुठं जातो ते माहीत, लांबच्या वाटेवर भरल्या गाडीखाली नायलॉन तापतो तेही माहीत. टायर तापून फुटला की काय होते, ते मी दुकानात बसून तीस वर्षं पाहिलं. तरी मी नायलॉनच म्हटलं. मनात आलं, टायरच जवळच्या वाटेचे असले तर पोरगा जवळच राहील. तूच सांगितलं ना, काटोल ते नागपूर? घे मग काटोलचे टायर. असं स्वतःले समजावत ऑटोत बसली. तारा म्हणाली, चांगले स्वस्तात मिळाले. मी बाहेर पाहत होती.

शुक्रवारी दुपारी त्या टायरांजवळ पडली. नव्या रबराचा वास खोलीभर होता. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, बाळाच्या जावळासारखे. त्यावर हात फिरवता फिरवता डोळा लागला. आजोबा आले. सदरा नेहमीचा, बाह्यांना काळं लागलेलं. एका हाताने थापट्या मारत टायर पुढं पळवत होते, जसे दुकानापासून घरापर्यंत आणायचे. पायाखाली वाट आधी पांढरी होती, मग काळी, मग लाल, जशा डब्यात पुड्या आहेत तशीच. झाडं चिंचेची. मी मागून चालून राहिली, आणि गुडघे दुखत नव्हते. पुढं कोणी गाडी चालवत होतं, पाठ दिसत होती. आजोबा न वळता म्हणाले, "मनकर्णा, हात लाव." मी टायरले हात लावला तर चटका बसला.

जागी झाली तेव्हा खिडकीतलं ऊन टायरवर आलं होतं आणि माझा हात त्या उन्हात होता. तळवा गरम. ऊनच होतं, मले समजते. तरी मी ऑटो बोलवायले लावला.

तारा म्हणाली, उद्या जाऊ. मी म्हटलं, आज.

चारही टायर परत आलेले पाहून रजत वैतागला. "आजी, काल तुम्हीच नायलॉन म्हटलं. आज गाडी बदलली का?"

"गाडी तीच आहे बाबू. काल वाट खोटी सांगितली होती. जगदलपूर. भरून जाते, भरून येते. आत पोलादी तारा असलेला रेडियल दे, जड मालाचा, थंड राहणारा."

त्याने समोरचाच ओढला. मी नखाने दाबला, वास घेतला. वास उडालेला होता. ताराले म्हटलं, टायरच्या गालावरचे शेवटचे आकडे वाच, सालाचे. तिने वाचलं, एकवीस साल. रजत म्हणतो, "आजी, तुम्हाले वाचता येते?" मी म्हटलं, "मले नाही येत. माझ्या पोरीले येते. आणि तुलेही येत होतं, पण तू वाचून दाखवलं नाही." मग आतून यंदाचे चार आणले. चारही मी आतून हाताने पाहिले. एकही खोट नाही.

तर हे टायर लांबच्या वाटेचे आहेत. हवा थंड टायरात भर. क्रेटचा एक थर कमी घेतला तर व्यापारी मरत नाही. आणि आता चोरून जाऊ नको. माणसाने आजीले घाबरत गाडी चालवू नये, रस्त्याले घाबरत चालवावी.

आजोबाले मी एकदा नाही म्हटलं होतं. ते राहिले, आणि आयुष्यभर माझ्या हातावर गावं ठेवत गेले. तुले म्हणते, जा.

वाट सोडून बाजूले बसलेली
तुझी आजी,
मनकर्णा

ता. क. तिकडून पहिल्या खेपेची चिंच पाठव. बिया काढलेली, साफ केलेली नको. चिंचोक्यासकट पाठव, चांगली पोतंभर. शनिवारी दुपारी फोडत बसीन.