होडीच्या पेट्रोलचा रस्ता

बाबा, परवा काकांना पंपावरून आणलं. तू गेल्यापासून होडी त्यांच्याकडे आहे. पेट्रोलचा कॅन त्यांनी माझ्या स्कूटरवर पायांपाशी ठेवला आणि मागं बसले. स्कूटर बॅटरीवर चालते, याची त्यांना भारी गंमत वाटते. घोडबंदर रोडवर चाक खड्ड्यात आपटलं तसे म्हणाले, "हळू घे गो. या रस्त्याचं पैसं तू नाय, या कॅननं भरलंय." मी हसले, पण मला तू आठवलास.

मी सहावीत असेन. तुटलेल्या वल्ह्याचा दांडा कॅनच्या मुठीत घातलाय, एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या, आणि आपण पंपावरून खाडीकडे चाललोय. मी झोके देते, पेट्रोल सांडतं. तू थांबतोस. "नीट धर. आपली होरी खाडीतून जाते, तरी रस्त्याचा कर भरून आणलंय हे." मी म्हणते, मग सरकारला सांग ना. "मना कोन विचारतंय? तू शिक न् तू सांग." सांगेन, म्हणाले होते मी.

शिकले, बाबा. आपल्या घरातली पहिली पदवी माझी. वर्तकनगरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमचा नागरिक गट रविवारी जमतो, त्यांच्यासाठी रस्त्यांच्या खर्चाचं निवेदन मीच लिहिलं. जो रस्ता झिजवतो त्यानं खर्च द्यावा, मग गाडी पेट्रोलची असो की बॅटरीची. आणि जी होडी रस्त्यावर येतच नाही, तिच्या पेट्रोलवरचा कर परत मिळावा. हे लिहिताना मला फार बरं वाटत होतं.

मी वाचून दाखवलं. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "अहो मॅडम, मी आत्ताच इलेक्ट्रिक गाडी घेतली, आणि तुम्ही माझ्याच मागे लागलात? तुमची स्कूटरपण तीच ना?" सगळे हसले. मग शेजारच्या बाई म्हणाल्या, "आणि रस्त्याच्या निवेदनात या होड्या कशाला तरंगतायत?" पुन्हा हशा. त्यात मीही होते. दोन्ही परिच्छेद मीच खोडले, कुणी फार आग्रहही केला नव्हता. उरलं ते एवढंच, की पेट्रोलवरचा कर रस्त्यांवर नीट खर्च व्हावा. त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. माझी सही पहिली. बॅटरीचा परिच्छेद गेला तेव्हा माझेही पैसे वाचले, हे मला तिथेच कळलं होतं.

परवा खाडीशी उतरताना काकांनी विचारलं, "त्या निवेदनात बापसाचं लिवलंस ना?" मी हो म्हणाले. कॅन उचलून ते होडीकडे गेले.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, म्हणून सांगते. होड्यांचा जो परिच्छेद खोडला, त्यातही तू नव्हतास. 'काही मच्छीमार' असं लिहिलं होतं मी. मी कुणाची मुलगी, हे त्या हॉलमध्ये अजून कुणालाच ठाऊक नाही.