पूजेतला पाना

३० सप्टें., मंगळ.

गाडीचे टायर गुळगुळीत झालेत, माझ्या डोक्यासारखे. पोराला, मंगेशला, दसऱ्याची पूजा नव्या टायरवर हवी. अंधेरीला लिंक रोडवर काचेचं दुकान आहे म्हणे, तिथे बसायला सोफा आणि फुकट कॉफी. म्हटलं, कॉफी घरी पी, टायर बाळाकडे टाक. असल्फ्याला आपला बाळा शिरसाट बसलेला असताना काचेच्या दुकानात कशाला? लग्नाआधीपासून एका बाकावर चहा पितोय आम्ही.

"आप्पा, अलॉय आहेत त्या. साध्या रिंगा नाहीत. ओरखडा आला तर?"

कुर्ल्याच्या मार्केटमध्ये दिवसभर फिरून निवडून आणल्यात त्याने. काळ्या, कडेला चकचकीत. रविवारी टूथब्रशने घासतो. मुलगी बघायला चल म्हटलं की मात्र वेळ नाही.

म्हटलं, बाळाच्या हाताला ओरखडा येईल, तुझ्या रिंगेला येणार नाही. कबूल झाला.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी

अक्षर लागत नाही. तरी आजच लिहितो. उद्यापर्यंत डोकं वेगळंच काहीतरी रचून बसेल.

बाळाने सकाळीच पूजा केलेली. टायर काढायच्या मशीनला झेंडूचा हार, वर कोरं फडकं. कॉम्प्रेसरला गंध. पाटावर पाने, हातोडी, जॅक, सगळ्यांना हळदकुंकू. म्हणाला, "अन्या, आज मशीन झोपलंय. उद्या पूजा उतरली की आण."

मं. माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, अरे उद्या सकाळीच गाडीला हार घालायचाय. कर ना काहीतरी. माझ्यासाठी कर.

हे मीच म्हटलं.

बाळाने माळ्यावरच्या खोक्यातून टायर उचकटायच्या जुन्या लोखंडी लिव्हर काढल्या. मशीन नव्हतं तेव्हा ह्यांच्यावरच पोट होतं, म्हणाला. पाना आणि जॅक आमच्या गाडीतलेच घेतले. पूजेतल्या एकाही वस्तूला बोट लावलं नाही.

मं. फोनवर बोलत कोपऱ्यापर्यंत गेला. पहिलं चाक झकास झालं. दुसऱ्याला लिव्हर निसटली. कर्रकन आवाज. रिंगेच्या कडेचा टवका उडाला. बाळाने माझ्याकडे बघून जीभ चावली. टायर बसवला, पायपंपाने हवा भरली, चाक गाडीला लावलं, नट आवळले, जॅक काढला. सगळं खाली ठेवलं, दोन्ही लिव्हरसुद्धा, आणि फडकं घेऊन तो टवका पुसत बसला. पुसून जाईल असा.

तेवढ्यात मं. आला. "हे काय केलंस?"

बाळाला तो जन्मापासून काका म्हणतो, अहो-जाहो करतो. आज केलंस म्हणाला.

"मशीन असतं तर झालं नसतं. भरून, रंगवून देतो रे बाबा."

"भरून? कढई आहे का ही?"

"अरे चाक आहे ते. चिखलातच जायचंय त्याला. तुझी बायको नाय ती!"

बाळाची जीभ पहिल्यापासून तशी. मं.ने पाटावरचा मोठा पाना उचलला. मला वाटलं, फेकणार. त्याने मारला. बाळाने उजवा हात आडवा घातला. शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज आला. बाळा खाली बसला, तोच हात जमिनीला टेकला. दुसरा फटका त्या टेकलेल्या बोटांवर. तिसरा डोक्यात बसला असता. मी मध्ये घुसून मं.चा शर्ट छातीशी धरला. बटण तुटून माझ्या हातात आलं.

पाना घेऊनच तो गाडीत बसला आणि गेला. दोन टायर नवे, दोन जुने.

बाळाला रिक्षात घातलं. रिक्षावाला म्हणाला, सीटला रक्त नको. सदरा काढून बाळाच्या हाताखाली धरला, बनियनवर हॉस्पिटलात गेलो. वाटेत बाळा एवढंच बोलला, "पूजेतला होता रे तो."

२ ऑक्टो., गुरु. दसरा

दरवर्षी सोनं द्यायला पहिला बाळा. दारातून ओरडतो, "सोनं घे नि आतातरी कंजूषपणा सोड, अन्या!" आज बेल वाजली आणि मी वेड्यासारखा धावलो. दारात हवालदार. बाळाच्या पुतण्याने, संतोषने, तक्रार दिलीय.

मं. आतून शांतपणे बाहेर आला. "साहेब, त्यानेच लिव्हर उगारली माझ्यावर. मी स्वतःला वाचवलं. आप्पा होते ना तिथे. विचारा त्यांना."

दुकानात कॅमेरा नाही, समोरच्या मेडिकलवाल्याचा बंद. म्हणजे डोळे फक्त माझे. हवालदार बघतोय. ही स्वयंपाकघराच्या दारात, ओठ दाताखाली.

म्हटलं, छातीत दुखतंय, नंतर सांगतो. दुखत नव्हतं.

"दहा तारखेला चौकीत या. मोठ्या साहेबांसमोर जबाब. तुम्ही काय सांगता त्यावर आहे सगळं, काका. तोपर्यंत ह्याने गावाबिवाला जायचं नाही."

तो गेल्यावर मं. म्हणाला, "थँक्यू आप्पा." श्रीखंडाची वाटी मी तशीच बाजूला सरकवली.

गाडीची पूजा झाली नाही. हार फ्रिजमध्ये पडून.

३ ऑक्टो., शुक्र.

पाना हिला सापडला. मागच्या सीटखाली. कुंकू तसंच होतं. दुसरं लाल वाळून काळं पडलेलं, म्हणून वेगळं ओळखू आलं.

जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात खुपसला हिने. "सांजेक मेट्रोन वर्सोव्याक जातंय. खाडयेत टाकून येतंय."

म्हटलं, मेट्रोत पिशवी मशीनमधून घालतात. आतलं सगळं दिसतं त्यांना.

डब्याला झाकण लावलं तिने. रात्री त्याच डब्यातला भात. मी भाकरी मागितली.

५ ऑक्टो., रवि.

सकाळी खाली काच फुटल्याचा आवाज. संतोष आणि आणखी दोघं. पेव्हर ब्लॉक उचलून गाडीच्या पुढच्या काचेवर घातला. मं. अनवाणी धावला. पहिलाच ठोसा तोंडावर, मग खाली पाडून लाथा. पोटात, पाठीत. आवाज ओल्या गादीवर काठी मारल्यासारखा. मी जिन्यात अर्ध्यावर, कठडा धरून. संतोषने वर बघितलं. "आप्पा, दिसतंय ना नीट? हे पण सांगा जबाबात!"

वर येऊन मं. बेसिनमध्ये थुंकला. दात होता. फोन लावला मित्रांना, हॉकीच्या स्टिका घेऊन या म्हणाला. मी दाराला पाठ लावून उभा.

"बाजूला व्हा, आप्पा."

नाही झालो. त्याने ढकललं. चपलांच्या रॅकवर पडलो, कोपर सोलवटलं. उठलो आणि त्याच्या थोबाडीत दिली, त्याच सुजलेल्या गालावर. त्याने माझं मनगट धरलं. उजवं. पिरगळायला लागला. डोळे तेच, बाळाच्या दुकानातले. मला वाटलं, आता माझीही शेंग मोडणार.

ही वरवंटा घेऊन आली. वाटलं माझ्या मदतीला आली. तिने तो त्याच्या हातात दिला.

"आधी माका मार. मगे बापाशीक. मगे खंय जावचा तां जा."

वरवंटा त्याच्या हातून सुटला. लादीला तडा गेला. मं. तिथेच बसला आणि रडला, लहानपणी रडायचा तसा, आवाज न करता. मित्रांनी खालून बराच हॉर्न वाजवला. मग गेले.

७ ऑक्टो., मंगळ.

हॉस्पिटलात बाळाकडे जाऊन आलो. सुलभावहिनी मला बघून उठल्या आणि स्टूल घेऊनच बाहेर गेल्या.

बाळा म्हणाला, "खाटेवर टेक. पोराचा दात पडला म्हणे?"

"पडला."

"मी नव्हतं सांगितलं रे संतोषला."

"माहीत आहे."

मनगटात सळी घातलीय. करंगळी आणि तिच्या बाजूची ऐकत नाहीत. "हुकूम सोडतोय मघापासून. तुझ्या बायकोसारख्या वागतात."

हसलो दोघं. मग हसू कुठे ठेवायचं कळेना.

डॉक्टर आला. हाड जुळेल म्हणाला, नसेचं सांगता येत नाही. मी आपलं बोललो, तुटलेली तार जोडता येते हो. पंखे-मोटारींचं वाइंडिंग मला कोणी शिकवलं नाही, जळालेल्या उघडून उघडून शिकलो, अजून एकही मोटार मेलेली परत पाठवली नाही. तो चांगला माणूस. म्हणाला, "काका, ही तार तशी नसते."

तो गेल्यावर बाळाला विचारलंच. जबाबात काय सांगू?

छताच्या पंख्याकडे बघत राहिला. "लिव्हर कुठे होती माझी?"

"खाली."

"मग?" पुन्हा पंखा. "तू म्हणालास माझ्यासाठी कर. मी केलं. आता मी तुला कायपण कर म्हणणार नाय, अन्या."

निघताना वहिनी दारात. त्यांनी स्टूल परत आत नेलं.

९ ऑक्टो., गुरु.

सकाळी ही जवळ येऊन बसली. भांडायला नाही. माझा हात हातात घेऊन. "मोतीबिंदू झालोच हा तुमका. नीट दिसूक नाय म्हणून सांगा. खोटा पण नाय तां. तुमी आपल्या झिलाक आत घालतल्यात?"

तिचा हात सोडवला नाही.

दुपारी ती झोपली. मं. कामावर, रिक्षाने. डब्यातून पाना काढला. फडक्याला तांदूळ चिकटलेले. खाली गेलो. तो टवका एकदा बघायचा होता, एवढंच. त्या दिवसानंतर बघितलाच नव्हता.

दोन तांदळांएवढा आहे. दाणे लावून बघितले.

मग मारला. त्या रिंगेवर. ठिणगी उडाली. पुन्हा मारला. शेजारच्या रिंगेवर, पुढच्या, मागच्या. तोंडातून कसले शब्द जात होते मला ठाऊक नाही, वरच्या मजल्यावरच्या बायका खिडकीत आल्या. वॉचमनने मागून कमरेला मिठी घातली. "छोडो काका, छोडो, अपनीच गाडी है।"

आता लिहिणं भाग आहे. बरं वाटलं. दुसऱ्या फटक्याला पहिल्याहून बरं वाटलं. तिसऱ्याला हात आपसूक वर गेला, मी उचलला नव्हता. तेव्हा तिथे कोणी हात आडवा घातला असता तर मी थांबलो असतो का?

आता कळलं मं.च्या हातात काय होतं ते. कळलं म्हणून पोटातली माया कमी होत नाही. वाढली मेली. पण बाळाची लिव्हर खाली होती. माझी माया वाढली म्हणून ती जमिनीवरून उठून बाळाच्या हातात जायची नाही.

पाना डब्यात परत ठेवला नाही. कापडी पिशवीत घातला, खुंटीला लावला. हिने बघितलं. काढला नाही.

१० ऑक्टो., शुक्र.

चौकीच्या बाकावर बसून लिहितोय. साहेब कुठल्या बंदोबस्तावरून यायचेत.

मी चालत निघणार होतो. मं. दाढी करून तयार. "बसा. मी सोडतो." गाडीला काच नवी. वाकून एकेका रिंगेवर हात फिरवला त्याने.

"कोणी केलं?"

"मी."

त्याने दार उघडून धरलं माझ्यासाठी.

त्या दिवशी चाकांचं बॅलन्सिंग राहून गेलं, मशीन झोपलेलं ना. गाडीने वेग घेतला की स्टिअरिंग थरथरत होतं. दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं त्याने, बोटं पांढरी. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "काय सांगणार, आप्पा?"

"दिसलं ते."

"आई म्हणते मोतीबिंदू..."

"त्या दिवशी नीट दिसत होतं रे."

हिरवा झाला. मागचे हॉर्न मारायला लागले. तो तसाच. मग गाडी घातली पुढे. दुसरीकडे कुठे वळवेल असं एकदा वाटलं. वळवली नाही.

इथे पायऱ्या चढताना त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली. नेहमी घेतो, बाजारातून येताना, विचारत नाही. दोन पायऱ्या गेला आणि थांबला. वजन कळलं असणार. पिशवीत बघितलं नाही. मला परतही दिली नाही.

आता शेजारी बसलाय. पिशवी मांडीवर, तिचा बंद बोटांना गुंडाळलेला. दुसऱ्या हातात गाडीची चावी. जिथे दात होता तिथे जीभ फिरवतोय सारखी. फाटक उघडंच आहे, गाडी इथून दिसते. त्याच्या पाठीवर हात ठेवला. झटकला नाही. शर्टाला मधलं बटण नाही, तोच घालून आलाय.

साहेब आले. आतून माझं नाव पुकारलं.

चावी माझ्या मांडीवर ठेवून मं. माझ्याआधी उठलाय, पिशवी घेऊन.