मनोऱ्यातली मार्गरीत

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मिळाला! मोठा हॉल मिळाला! अजून खांद्यावरची पर्सही उतरवली नाही, आधी लिहायला बसले.

इथे आखातात चर्चच्या एकाच कंपाउंडात मल्याळी, तमिळ, फिलिपिनो सगळ्या मंडळ्या आळीपाळीने उपासना करतात. आम्ही मराठी इनमीन वीस डोकी. इतकी वर्षं चारुशीलाताईंच्या खैतान भागातल्या फ्लॅटमध्येच जमायचो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून स्तोत्रंसुद्धा हळू आवाजात. आणि आता ३१ तारखेला, धर्मसुधारणा दिनी, प्रत्येक भाषेला पंधरा मिनिटं — त्यात मराठीही!

पाळकसाहेब म्हणाले, "अंजूबाई, गाणी सगळेच म्हणतील. तुम्ही नाटिका बसवा."

हो म्हणून मोकळी झाले. आता कसली नाटिका!

५ ऑक्टोबर

सापडली! वॉर्डात चहाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचत होते, चहा गार होऊन गेला.

फ्रान्समधले ह्युगेनॉट. आपल्यासारखेच प्रोटेस्टंट. राजाने एका फर्मानाने त्यांचा धर्मच बंद केला. चर्चं पाडली, पाळक हाकलले, घराघरांत शिपाई घुसवले. तरी ही माणसं रानात जमून स्तोत्रं म्हणायची. सापडले की पुरुष जहाजावर वल्ही मारायला, बायका मनोऱ्यात. आणि सुटका किती सोपी! 'मी माझा धर्म सोडते' एवढंच म्हणायचं. मनात काही का असेना. कितीतरी जणी तिथेच म्हाताऱ्या झाल्या, पण म्हटलं नाही!

मला पणजोबा आठवले. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने त्यांचं पाणी तोडलं होतं. बाबा अजून सांगतात.

मनोऱ्यातल्या मुलीचं नाव ठेवलं मार्गरीत. काम आमची लेक शर्वरी करणार. सोळाची आहे, शोभेल.

१२ ऑक्टोबर

नवऱ्याने, उदयने, सुलैबियाच्या भाजीच्या गोदामातून खोके आणले. राखाडी रंग दिला की मनोरा तयार! कांद्याचा वास काही जात नाही. शर्वरी म्हणते, "मॉम, आय विल फेंट!"

पण मराठी वाक्यं पाठ केली तिने. एकही चूक नाही!

मध्येच विचारते, "ती खोटंच का नाही बोलली? घरी तरी गेली असती."

मी म्हटलं, "असं उगीच तोंडदेखलं म्हणता येतं का?"

३१ ऑक्टोबर

काय सांगू! शेवटी शिपाई ओरडला, "म्हण!" शर्वरीने नुसती मान वर केली आणि म्हणाली, "नाही म्हणणार." मग टाळ्या! भाषा न समजणारे फिलिपिनोही उभे राहिले. चारुशीलाताई माझ्या गळ्यात पडून रडल्या. पाळकसाहेब म्हणाले, "हिच्या दृढीकरणाची मी वाट बघतोय."

२८ नोव्हेंबरला आहे तिचं दृढीकरण, मंडळीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा विधी. बाबा त्यासाठी नगरहून येणार, व्हिसा झाला! पांढरं कापडही हेरून ठेवलंय.

१ नोव्हेंबर

माप घ्यायला टेप काढली तर शर्वरी म्हणाली, "आई, मला दृढीकरण नकोय."

मला वाटलं, थट्टा.

"देव आहे की नाही, मला अजून माहीत नाही. सगळ्यांसमोर 'माझा विश्वास आहे' म्हटलं तर खोटं होईल ना?"

मी भडकले. म्हटलं, तुझ्या खापरपणजोबांनी ह्याच धर्मासाठी तहान सोसली!

"पण त्यांनी स्वतः ठरवलं होतं ना, आई?"

टेप फेकली मी.

४ नोव्हेंबर

दोघींचा अबोला. उदय जेवताना हळूच म्हणाला, "तुझ्या नाटिकेत शिपाई कोण होता गं?"

त्याच्याशीही बोलत नाही आता.

१४ नोव्हेंबर

पाळकसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. ते हसले. "या वयात मुलं असंच बोलतात. उभी राहू दे. विश्वास मागून येतो."

किती हलकं वाटलं! येताना कापड घेऊनच घरी आले.

२४ नोव्हेंबर

बाबा आले! बॅगेत शेंगदाण्याची चटणी, शर्वरीसाठी नवं पवित्र शास्त्र. विमानतळावरच तिला जवळ घेऊन म्हणाले, "हे बघायलाच जगलो गं." तिने त्यांची बॅग उचलली. तिच्या नकाराचं मी त्यांना सांगितलेलं नाही. घर मात्र भरल्यासारखं वाटतंय!

२७ नोव्हेंबर

शर्वरी हो म्हणाली! संध्याकाळी स्वयंपाकघरात माझे डोळे भरले होते, तर आली आणि म्हणाली, "ओके आई. उद्या म्हणते मी. तू रडू नकोस."

जिंकले! ड्रेसला इस्त्री केली. सुंदर बसलाय.

मग आनंद का होत नाहीये?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पाळकसाहेब एकेक नाव घेत होते. मुलं पुढे जात होती. शर्वरीचं नाव आलं. ती उठली. चेहरा पांढराफटक. मी तिचा हात धरला आणि खाली बसवलं.

पाळकसाहेबांनी पुन्हा नाव घेतलं. मीच उभी राहिले. "नाही साहेब. ती अजून तयार नाही."

सगळ्या माना वळल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाकावर सरकले आणि तिला जवळ बसवून घेतलं.